विल्हेमचा रिकामा कप्पा

१

डॉक्टर हॅस्केलनी पान उलटलं आणि त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला.

कुवेतमधल्या जाब्रियाच्या त्या दवाखान्यात, चहाच्या खोलीत तोवर नुसती हसाहशी चालली होती. का नसावी? लढाई सरली होती, गेलेली माणसं एकेक करून परतली होती. तेलविहिरींच्या धुरानं खिडक्यांच्या काचा अजून काळ्याच होत्या, एक्स-रेचं यंत्र शिपायांनी उपटून नेलं होतं. पण जाफर भांडारवाल्यानं आज तांदळाच्या पोत्याखालून एक खोका काढून आणला होता. डॉक्टर गेल्या वर्षीच्या जुलैत सुट्टीवर अमेरिकेला गेले आणि मागे लढाई झाली. जाताना त्यांनी हा खोका जाफरच्या हाती ठेवला होता. आत त्यांचा जीव की प्राण: बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा अल्बम. एकेका कार्डावर एकेक खेळाडू, मागे त्याची कुंडली.

"सही-सलामत!" डॉक्टर पान पान उलटत होते. "जाफर, तू जादूगार आहेस."

"सर, एवढं जिवापाड जपता, तर गरम प्लास्टिकमध्ये घालून घ्या की," आफिया नर्स म्हणाली. ती श्रीवर्धनची, जिभेला हाड नाही. "माझा डिप्लोमा बघा. वाळवंटातून गेला नि आला, सुरकुती नाही. फक्त मंत्रालयातला तो बाबा शिक्का मारत नाही. म्हणतो, यावर शाई धरत नाही!"

सगळे हसले. डॉक्टरांनी मात्र अल्बम छातीशी धरला. "आफिया, हे बोललीस ते बोललीस, पुन्हा नको. उष्णतेनं प्लास्टिक कागदात शिरतं, पुन्हा सुटत नाही. ते कार्ड मेलं म्हणायचं."

दारात एक्स-रेवाले हरिभाऊ उभे होते. परभणीचे, केस पिकलेले, दवाखान्यातले सर्वांत जुने. एक हात कोटाच्या खिशात घालून तेही मजा बघत होते.

आणि मग ते पान आलं. आठ कप्प्यांचं. सात कप्प्यांत सात माणसं टोप्या घालून हसत होती. आठवा रिकामा होता.

"विल्हेम," डॉक्टर हळूच म्हणाले. "माझा विल्हेम कुठाय?"

डॉक्टरांच्या चहाच्या कपाशेजारी एक कागद पडला होता: जाफरला दवाखान्यानं पुन्हा कामावर घ्यावं, अशी शिफारस. ती मिळाली तर त्याचा नवा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना निघणार. नाही तर गाशा गुंडाळून दाभोळ. सही करायला डॉक्टरांनी पेन उघडून ठेवलं होतं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"खोका एकाच माणसाकडे होता," ते म्हणाले, आणि कुणाकडेही न बघता निघून गेले.

२

स्वप्ना देवधर दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. हातांचा व्यायाम ही तिची खासियत. दुसऱ्याच्या बोटांकडे बघितल्याशिवाय तिला राहवत नसे. लोक चेहरा लक्षात ठेवतात, ही पेरं लक्षात ठेवी.

त्यातूनच तिची आणि विल्हेमची ओळख झाली होती. लढाईच्या आधी दर गुरुवारी दुपारी डॉक्टर तिच्या खोलीत आपला दुखरा उजवा हात घेऊन बसत आणि टेनिसचा चेंडू धरून दाखवत. कॉलेजात ते बेसबॉल खेळायचे.

"याला नकलबॉल म्हणतात. नकल म्हणजे बोटाचं पेर. पण नाव फसवं आहे. धरायचा नखांनी! आणि सोडताना जरासुद्धा फिरवायचा नाही."

"फिरवायचा नाही?" हरिभाऊंना ते मुळीच पटलं नव्हतं. "अहो, आमच्याकडे फिरकीवाला फिरवून फिरवूनच तर फसवतो!"

"हा न फिरवून फसवतो. फिरत नाही म्हणून वारा त्याला हवा तसा ढकलतो. कुठं जाईल ते फलंदाजाला ठाऊक नाही, झेलणाऱ्याला नाही, टाकणाऱ्यालाही नाही."

झेलणाऱ्याची तर अशी त्रेधा उडे, की विल्हेमसाठी मोठ्या थोरल्या आकाराचा हातमोजा बनवून घ्यावा लागला. हा हॉइट विल्हेम शाळेत असताना पेपरातला फोटो बघून हा चेंडू शिकला. मोठ्या सामन्यांत आला तेव्हा तिशीला टेकला होता. पहिल्याच वेळी बॅट हातात घेतली आणि चेंडू मैदानाबाहेर मारला, पुढे वीस-एकवीस वर्षं खेळला तरी तसा फटका पुन्हा कधी बसला नाही. नीक्रो नावाचे दोघे भाऊ होते, त्यांना खाणीत काम करणाऱ्या बापानं हा चेंडू शिकवला. चार्ली हफ तर चाळिशी उलटून अजून टाकतोय. स्वप्नाला वाटे, थोराड वयात नखं जपणारी ही माणसं भारी गोड आहेत.

"या सगळ्यांत तुमचं आवडतं कोणतं?" तिनंच एकदा विचारलं होतं.

"बावन्न सालचा विल्हेम. मी लहान असताना बाबांनी दिला. बाकी सगळी कार्डं मी जमवली. ते एक मला मिळालं."

हे ऐकायला तेव्हा चौघं होती: ती, आफिया, जाफर आणि हरिभाऊ.

म्हणून तर आज तिला स्वस्थ बसवेना. ती डॉक्टरांच्या मागोमाग गेली.

"सर, अल्बम मला द्या. शनिवारपर्यंत."

"कशाला?"

"मिकी मँटलचं कार्ड आत आहे की नाही?"

डॉक्टरांनी मान वर केली. "आहे."

"तुम्हीच म्हणायचात, त्याच्यासाठी अमेरिकेत लोक वेडे होतात. ज्याला विकायचं असेल त्यानं ते सोडून विल्हेमला का उचललं?"

डॉक्टरांनी अल्बम तिच्यापुढे सरकवला. "शनिवारी सकाळी दवाखान्याचे मालक इकाम्यांचे कागद मंत्रालयात नेणार आहेत," ते म्हणाले. "तोवर."

३

जाफर भांडारात रिकाम्या फळ्या पुसत होता. लढाईच्या सगळ्या महिन्यांत तो कुवेतमध्येच राहिला. का राहिलास म्हटलं की म्हणायचा, किल्ल्या कुणाच्या हातात द्यायच्या होत्या?

"ताई, तुम्ही पण विचारायला आलात?"

"मी विचारायला आले, जाफरभाई. ठरवायला नाही."

त्यानं फडकं पिळलं. "बायकोला, शहरबानूला काल फोनवर सांगितलं, आता सगळं ठीक झालं म्हणून. मुलगी म्हणाली, अब्बा, परत कामावर लागलात? हो म्हटलं. आता तिला काय सांगू? कामावरून काढलं ते चालेल एक वेळ. चोर म्हणून काढलं असं दाभोळात कळलं तर मोहल्ल्यातून मान खाली घालून जावं लागेल पोरीला."

"खोका उघडला कधी?"

"एकदाच. ऑगस्टात. शिपाई दवाखान्यातलं सामान उचलायला लागले, तेव्हा ठरलं की खोका मिरकाबला माझ्या खोलीवर न्यायचा. आफियानं कार्डं मोजली नाहीत, पण पानं उलटून बघितली. हरिभाऊंनी दोन दिवस अल्बम त्यांच्या काळोख्या खोलीत ठेवला, तिथं शिपाई जात नसत ना, फिल्मचं रसायन असतं म्हणून घाबरायचे. मग त्यांनीच बांधून दिला. मी नेला. बस."

"नंतर?"

जाफरचं फडकं थांबलं.

"जाफरभाई?"

"झडती झाली बिल्डिंगची," तो खालच्या आवाजात म्हणाला. "अमेरिकन माणसाची वस्तू सापडली असती तर मला भिंतीला उभं केलं असतं. ताई, मी डॉक्टरांची एक गोष्ट जाळली."

४

स्वप्ना जवळ सरकली. "काय जाळलं?"

"झाकण. खोक्याचं. त्यावर त्यांचं नाव होतं, झेंडा होता. बच्चेकंपनीचे पत्ते आहेत म्हणून सांगितलं शिपायांना, खोका पोत्याखाली सरकवला. झाकणाचं डॉक्टरांना सांगायला लाज वाटते."

स्वप्नाला हसू की रडू कळेना. ज्या माणसानं एका खोक्यापायी जीव टांगणीला लावला, त्याला झाकणाची लाज!

आफियाकडे गेली तर ती आधीच पेटलेली. "जाफरभाईंनी नेलं? त्या माणसाला चोरी करायचीच होती तर सगळा दवाखाना मोकळा पडला होता गं! आणि माझ्यावर संशय असेल तर घे, पर्स बघ, लॉकर बघ."

"तुझ्यावर नाही. तू पानं उलटलीस तेव्हा विल्हेम होता?"

आफियानं डोळे मिटले. "होता. टोपीवाला, लांब चेहऱ्याचा. मी हरिभाऊंना म्हटलं सुद्धा, हा डॉक्टरांचा लाडका. ते म्हणाले, म्हणूनच याची काळजी जास्त. त्यानंतर अल्बम काळोख्या खोलीत गेला."

तिसऱ्या दिवशी सकाळी हरिभाऊ त्याच खोलीत बसले होते. यंत्र नाही, फिल्म नाही. उगीच शिशाचा अंगरखा पुसत होते.

"बसा बाई. लेकरू कसं आहे?"

"दात येतायत. तुम्ही चहाला येत नाही हल्ली?"

"पित्त झालंय बघा." त्यांनी अंगरखा उलटा केला. "तुम्ही त्या कार्डाच्या मागं नका लागू. लढाईत माणसं हरवली, तिथं कागदाचं काय घेऊन बसलात. मी समजावतो डॉक्टरला. जाफरनं नाही नेलं."

"कशावरून?"

"म्हणजे?"

"आम्हाला सगळ्यांना वाटतं, त्यानं नेलं नसेल. तुम्ही म्हणता, नाही नेलं."

हरिभाऊंनी तिच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. "माणूस ओळखतो मी," ते पुटपुटले.

आपल्या खोलीत येऊन स्वप्नानं दार लावलं आणि अल्बम खिडकीच्या उजेडात धरला. जुन्या कार्डांचा आकार मोठा होता म्हणून डॉक्टरांनी या पानासाठी मोठे कप्पे आणवले होते. नंतरच्या सालांची कार्डं त्यांत सैल बसली होती. विल्हेम तेवढा अगदी नेमका बसत असणार.

तिनं रिकाम्या कप्प्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. एका बाजूची शिवण उसवली होती. ओढून काढताना उसवली असेल? तिनं पुन्हा बोट फिरवलं. प्लास्टिकची कड चुरगळली होती, पण बाहेर नाही. आतल्या बाजूला दुमडली होती.

कार्ड ओढून काढलं असतं तर कड बाहेर आली असती. कड आत गेली होती, याचा अर्थ कुणी तरी या कप्प्यात काही कोंबायला बघत होतं.

चोरानं कार्ड परत ठेवायचा प्रयत्न केला होता. आणि ते आत जाईना.

जे कार्ड इतकी वर्षं या कप्प्यात बसत होतं, ते एकाएकी वाढलं कसं?

५

"कार्ड वाढलं?" सुमेध, तिचा नवरा, हातातली वाटी खाली ठेवत म्हणाला. "बाई फौजदार, जेवा आधी."

दवाखाना दुपारी बंद असे, तेवढे तीन तास तिचे. म्हणजे म्हणायचे तिचे. अक्षदा नऊ महिन्यांची. तिला भरवा, थोपटा, झोपली की तिची नखं कापा. जागेपणी कुठली कापू देते? स्वप्नानं ती इवलीशी मूठ उलगडली. एकेक नख म्हणजे तांदळाची कणी. नखांनी चेंडू धरून पोटं भरणारी माणसं तिला आठवली.

"वळवणारा शोधतेय मी," ती म्हणाली. "लोभ, सूड, काहीतरी. कुणीतरी मुद्दाम वळवल्याशिवाय गोष्ट अशी वाकडी कशी जाईल? पण समजा, नकलबॉलसारखी ती कुणी वळवलीच नसेल तर?"

"मराठीत बोल."

"समजा, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतंच."

"तुझ्या मनात मंत्रालयात जायचं होतं ना उद्या? डिग्री दे, फाइलला लावतो." सुमेधनं कपाटातून तिची जुनी फाइल काढली. डिग्रीसाठी तिला आत खास कप्पा होता, कॉलेजनंच दिलेला. तो डिग्री आत सारू लागला. एकदा, दोनदा. "जात नाही गं. पूर्वी बसायची ना यात?"

"पूर्वी बसायची. मग हरिभाऊंनी..."

स्वप्नाच्या हातातली नखं कापायची कात्री थांबली.

त्या ऑगस्टात सगळ्यांनी एकच केलं होतं. अम्मानला जायला बस निघणार, वाटेत वाळवंटातल्या छावण्या, पाणी सांडेल, घाम लागेल, कागद भिजले तर आयुष्य भिजलं. ओळखपत्रं बनवायचं गरम यंत्र तेव्हा अजून दवाखान्यात होतं. हरिभाऊंनी सगळ्यांची प्रमाणपत्रं, लग्नाचे दाखले त्यातून काढून दिले. मायेनं, रांगा लावून, एकेक कागद पुसून. आणि प्रत्येक कागद चारी बाजूंनी बोटभर वाढला होता.

"सुमेध, अक्षदाला बघ," ती उठत म्हणाली. "मी आलेच."

"आता? आणि जेवण?"

"झाकून ठेव!"

६

हरिभाऊ दवाखान्यामागच्या खोलीत राहत. दार उघडंच होतं. ते खाटेवर बसले होते.

"हरिभाऊ, विल्हेम तुमच्याकडे आहे," स्वप्ना दारातूनच म्हणाली. "तुम्ही चोरला नाही. तुम्ही वाचवायला गेलात."

तिनं एकेक सांगितलं: आत दुमडलेली कड, न मावणारी डिग्री, दोन दिवस काळोख्या खोलीत राहिलेला अल्बम. "आणि परवा तुम्ही खिशात हात घालून दारात उभे होतात. डॉक्टरांच्या हातात ठेवायलाच आणला होतात ना? मग ते म्हणाले, कार्ड मेलं."

हरिभाऊंनी उशीखालून कार्ड काढलं. चकचकीत, कडक, चारी बाजूंनी पारदर्शक किनार. आतून विल्हेम बघत होता.

"मला वाटलं, खोका गेला तरी बापानं दिलेलं एवढं तरी राहील," ते म्हणाले. "कप्प्यात बसंना, म्हणून शर्टाच्या आत घातलं. अम्मानला गेलो, परभणीला गेलो, संगंच होतं. किती डौलात आणलं होतं बाई! आणि मग ते ऐकलं. तोंडच उघडंना."

"चूक ती नाही, हरिभाऊ." तिचा आवाज तिला हवा होता त्याहून कडक आला. "मशीनमधून काढलंत ती चूक मी पण केली असती. पण जाफरभाई तीन दिवस चोर ठरलेत आणि तुम्ही पित्त झालंय म्हणत बसलात."

हरिभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग चपला पायांत सरकवल्या.

संध्याकाळी दवाखाना उघडला तेव्हा डॉक्टर हॅस्केल आपल्या खोलीत त्या कार्डाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. नखानं त्यांनी किनार उचलून बघितली. उचलली गेली नाही.

"हे तुम्ही अंगावर घेऊन इराकमधून गेलात?" त्यांनी विचारलं. "चौकीवर सापडलं असतं तर?"

"सापडलं नाही," हरिभाऊ म्हणाले. "जाफरकडचा खोका सापडला असता, तर त्याचं काही खरं नव्हतं. मी जे केलं ते त्याच्यापुढं काहीच नाही. आणि त्यालाच मी तुमच्यापुढं चोर होऊ दिलं."

डॉक्टरांना धड रागावता येईना, धड माफ करता येईना. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि जाफरला बोलावणं पाठवलं. जाफर आला. डॉक्टरांनी शिफारशीचा कागद पुढे ओढला, पेन उघडलं. "जाफर, माझी चूक झाली. हा घे, सही करतो."

"थांबा, सर."

पेन थांबलं.

"तुम्ही मला चोर म्हणालात ते इथं नाही. चहाच्या खोलीत, सगळ्यांच्या समोर म्हणालात." जाफर जागचा हलला नाही. "सही नंतर."

डॉक्टर लालबुंद झाले. मग उठले, कागद आणि पेन घेतलं आणि चहाच्या खोलीत गेले. आफिया बशीत बिस्किटं काढत होती, ती तशीच उभी राहिली. एवढा धिप्पाड माणूस, आपल्या मोडक्या हिंदीत, एकेक शब्द शोधत बोलला: "जाफर ने कुछ नहीं लिया. जाफर ने बचाया. मैंने झूठ बोला. सब लोग सुनो."

"सुना, सर," आफिया म्हणाली, आणि पदरानं डोळे टिपले.

मग सही झाली. जाफरनं कागद घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

दाराबाहेर हरिभाऊ भिंतीला टेकून उभे होते. जाफर त्यांच्यासमोर थांबला. स्वप्ना मागे होती; तिला वाटलं, आता हा तसाच पुढे जाणार, आणि गेला असता तर त्याला नावं ठेवायची सोय नव्हती.

"शनिवारी मालकांबरोबर मला जायचंय. मंत्रालयात रांग असेल," जाफर म्हणाला. "उन्हात. दिवस जाईल."

"हो," हरिभाऊ म्हणाले.

"तुम्ही यायचं माझ्याबरोबर. माझ्यासाठी पण जागा धरायची, पाणी पण तुम्हीच आणायचं."

"येतो."

"आणि तोंड मिटून नाही उभं राहायचं, हरिभाऊ. रांगेत जो भेटेल त्याला सांगायचं, हा जाफर कोण आहे ते. सगळं. पहिल्यापासून."

हरिभाऊंनी मान हलवली. मग त्यांना वाटलं असावं, मान हलवणं पुरेसं नाही. त्यांनी घसा खाकरला आणि कॉरिडॉरमधून येणाऱ्या पहिल्याच पेशंटला, ओळख ना पाळख, थांबवलं.

"ऐका साहेब," ते म्हणाले, "हा माणूस आहे ना, हा जाफर..."